स्वागतगीताची चाल

प्रोफेसर भगवानराव तर्कशास्त्र शिकवत. यवतमाळच्या त्या कॉलेजात तर्कशास्त्र घेणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातलीही निम्मी दुसरीकडे जागा न मिळाल्यामुळे आलेली. पण त्यामुळे भगवानरावांचा रुबाब काही कमी नव्हता. भाजीत मीठ जास्त पडलं तर ते आधी मोठं विधान मांडत, मग छोटं विधान मांडत, आणि मग निष्कर्ष काढून पाणी पीत. असा माणूस गाण्याच्या नादी लागला हे कळल्यावर गावाला धक्काच बसला. तो एकट्या गावाला बसून थांबला असता तर हे सांगायची वेळ आली नसती. पुढे तो ज्याला त्याला बसत गेला आणि शेवटचा, सगळ्यात मोठा, भगवानरावांच्या वाट्याला आला.

या सगळ्याच्या मुळाशी होती त्यांची मुलगी कोकिळा. ती त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होती आणि तिला बी.ए.ला गायन हा विषय घ्यायचा होता. गायन यवतमाळला नव्हतं, नागपूरला होतं. तिच्या आईने, लीलाबाईंनी, हे ऐकलं मात्र, आणि दारव्ह्याचं एक स्थळ पुढे केलं. मुलगा तहसील कचेरीत होता आणि फोटोत तरी सरळ बसलेला दिसत होता.

"नागपूरले पोरगी एकटी ठेवता काय?" लीलाबाई म्हणाल्या. "त्यापेक्षा लगन करून देऊ. निदान कोणाच्या घरी गेली हे तरी सांगता येईन लोकाईले."

भगवानरावांना नागपूर नको होतं आणि दारव्हाही नको होतं. खरी गोष्ट ते कोणाजवळ बोलले नसते, पण ती अशी होती की कोकिळा घरात नाही ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. संध्याकाळी ते कॉलेजातून परतले की ती आत कुठेतरी गुणगुणत असे, आणि तो आवाज कानावर पडला की त्यांचा दिवस संपे. आवाज नसलेलं घर त्यांना नको होतं. मग त्यांनी शास्त्राप्रमाणे विचार केला. मुलगी गाण्यासाठी नागपूरला जाणार. गाणंच यवतमाळला आलं, तर नागपूरला जायचं कारण उरत नाही. आणि मुलगी शिकत असेल तर दारव्ह्यालाही थांबावं लागतं. म्हणून गाणं यवतमाळला आणावं. निष्कर्ष इतका निर्दोष होता की त्या दिवशी त्यांनी जेवताना एक पोळी जास्त खाल्ली.

प्राचार्य किसनराव कविता करत असल्यामुळे त्यांना पटवणं सोपं गेलं. अर्ज गेला आणि विद्यापीठाचं उत्तरही आलं. पाहणीसाठी कु. कांताबाई या विदुषी जानेवारीत यवतमाळला येतील. त्यांना वाद्यं दाखवावीत, विद्यार्थ्यांचं वृंदगान ऐकवावं, आणि या विषयाबद्दल स्थानिक जनतेत आस्था आहे याचा पुरावा द्यावा.

"वृंदगान म्हणजे सगळ्यांनी मिळून गायचं," किसनराव म्हणाले. "ते तुम्ही बसवा. तुम्हाला गाता येतं का?"

"नाही," भगवानराव प्रामाणिकपणे म्हणाले.

"उत्तम. म्हणजे घराण्यांचे वाद होणार नाहीत."

बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. शेजारच्या रुखमाबाई ज्येष्ठमधाची पुडी घेऊन आल्या आणि कोकिळेला दही, लिंबू, चिंच आणि बोरं बंद करून गेल्या. मग त्या लीलाबाईंना बाजूला घेऊन म्हणाल्या, "मायी नणंदेची पोरगी गाणं शिकली अन् तिच्या सासऱ्याले दमा झाला." या दोन घटनांचा परस्परसंबंध काय, असं भगवानरावांनी विचारलं, तेव्हा रुखमाबाईंनी त्यांच्याकडे अशा दयेने पाहिलं की त्यांनी पुढे वाद घातला नाही. पोस्टातल्या एका ओळखीच्याने सांगितलं की पहाटे विहिरीत तोंड घालून ओरडलं की आवाज खुलतो. वृंदातल्या एका मुलाने ते लगेच करून पाहिलं. त्याचा आवाज खुलला की नाही माहीत नाही, पण कोणीतरी विहिरीत पडलं म्हणून अर्धी आळी दोर घेऊन धावली.

मग तंबोरा आला. मिरजेहून निघालेला तो तंबोरा मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून छोट्या गाडीत चढला आणि यवतमाळ स्टेशनात सुखरूप उतरला. रेल्वेने तक्रारीला जागा ठेवली नाही. पण बाहेर नगरपालिकेचं जकात नाकं होतं. तिथल्या नाकेदाराने गोणपाट सोडलं, आतला भोपळा पाहिला आणि तो विचारात पडला.

"भोपळा हाये ना जी हा?"

"भोपळाच आहे, पण वाळलेला. वाद्य आहे ते."

"मंग भाजीपाल्यात धरू काय?"

"भाजीपाल्यात कसं धरता? याला तारा आहेत."

"तारा हायेत त लोखंडी सामानात जाईन. दांडी लाकडाची हाये, थे इमारती लाकडात. आता तुमीच सांगा सर, तुमी शिकेल माणूस."

भगवानरावांनी तिथेच ओट्यावर बसून त्याला वर्गीकरणाचे नियम समजावून द्यायला घेतले. मागे कापसाच्या गाड्यांची रांग लागली. गाडीवान खाली उतरून ऐकू लागले. एकाने भोपळ्यावर टिचकी मारली आणि "पोकळ हाये" असा अभिप्राय दिला, तो नेमका कोणाबद्दल हे भगवानरावांच्या लक्षात आलं नाही. शेवटी नाकेदाराने तंबोरा 'शेतकी अवजारे' या सदरात घातला, कारण त्या सदराला जकात नव्हती. भगवानराव विद्वत्तेचा विजय झाला असं समजून कॉलेजकडे निघाले.

कॉलेजच्या कचेरीत वाद्यांसाठी सदरच नव्हतं. हेडक्लार्कने पुष्कळ डोकं खाजवलं आणि तंबोरा 'क्रीडासाहित्य' म्हणून दाखल केला. त्यामुळे तो क्रीडाशिक्षकांच्या कोठीत हॉकीच्या काठ्यांशेजारी उभा राहिला आणि सही केल्याशिवाय बाहेर निघेना. क्रीडाशिक्षक सज्जन गृहस्थ होते. तंबोऱ्याच्या तारा ढिल्या वाटल्या म्हणून त्यांनी त्या बॅडमिंटनच्या रॅकेटीला शोभतील इतक्या आवळून ठेवल्या. भर दुपारी, किसनराव कवितेचा तास घेत असताना, कोठीत बंदुकीसारखा आवाज झाला. शिपाई उकंडा टेबलाखाली गेला आणि किसनरावांच्या हातून पुस्तक पडलं. चीनच्या लढाईला फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे कोणी कोणाला हसलं नाही. तार नवी बसवावी लागली.

लढाईचा आणखी एक परिणाम वृंदगानावर झाला. कॉलेजातली सगळी पोरं एन.सी.सी.त होती आणि एका रांगेत उभं केलं की त्यांचे पाय आपोआप चालू लागत. पाय थांबवले की गाणंही थांबे. शिवाय ही पोरं शेतातली. एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्याला हाक मारून ज्यांचे गळे तयार झाले, त्यांना 'हळू म्हणा' ही सूचनाच कळत नव्हती. जो तो आपापला सा धरी आणि प्राण गेला तरी सोडत नसे. सराव चालायचा त्या खोलीमागे जिनिंग फॅक्टरी होती. पाच वाजता तिचा भोंगा झाला की सगळे सा एकदम त्या भोंग्याला जाऊन मिळत आणि तेवढा वेळ वृंद एकसुरात गाई. भगवानरावांच्या डोळ्यांत पाणी येई. भोंगा थांबला की पुन्हा जो तो आपल्या घरी. पुढे कापसाची वेचणी सुरू झाली आणि अर्धा वृंदच बाभुळगाव-घाटंजीच्या शेतांत गडप झाला. उरलेल्यांनी नवे सा आणले.

मुलींचा प्रश्न वेगळाच होता. पोट्ट्यांबरोबर पोट्टी उभी राहून गाणार म्हटल्यावर त्यांच्या आयांनी अट घातली की सरांची मंडळी तिथे बसली पाहिजे. त्यामुळे ज्यांचा या सगळ्याला विरोध होता त्या लीलाबाई रोज सूप आणि तुरीची डाळ घेऊन खोलीच्या दारात बसू लागल्या. पहारा त्यांनी असा दिला की पोरं सुरात चुकली तरी नजरेत कधी चुकली नाहीत.

आता राहिलं गाणं. स्वागतगीत स्वतः किसनरावांनी लिहिलं होतं. 'ये विदुषी तू, ज्ञानसरिते, यवतनगरी झाली पावन' अशी त्याची सुरुवात होती, आणि चौथ्या ओळीत कॉलेजच्या नियामक मंडळाचा सविस्तर उल्लेख होता. या चौथ्या ओळीने सगळ्या चाली मोडून काढल्या. भजनाची चाल लावली तर 'नियामक' बाहेर राही, आरतीची लावली तर 'मंडळ' दुसऱ्या कडव्यात जाऊन पडे. ओळ गाळावी असं भगवानरावांनी सुचवून पाहिलं. किसनरावांनी तीच ओळ पुन्हा मोठ्याने म्हणून दाखवली, तेव्हा भगवानरावांनी सूचना मागे घेतली.

अशा वेळी त्यांना बाबूसिंग भेटला. बाबूसिंग बोरी अरबकडच्या एका तांड्यावरचा बंजारा मुलगा. तो वृंदात मागे उभा राही आणि ओठ हलवी. आवाज काढतो की नाही याबद्दल दुमत होतं. एकदा सगळे गेल्यावर तो रांजणातून पाणी घेताना स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होता. भगवानराव दारातच थबकले. चाल वर चढत गेली, तिथे थोडी थांबली, आणि मग खाली उतरताना अशी काही वळली की त्यांच्या छातीत हललं.

"ही कुठली चाल रे?"

बाबूसिंग एवढा दचकला की पेला रांजणात पडला. "काही नाही सर. आमच्या तांड्यातली हाये. बाया म्हणतात. तब्येत बरी नसली की मले आठवते."

"कधी म्हणतात?"

"लग्नात, सर. पण..."

"लग्नात!" भगवानरावांचा चेहरा उजळला. लग्न हे मंगलकार्य. ही चाल लग्नात म्हणतात. म्हणून ही चाल मंगल. आणि स्वागताला मंगल चालीपेक्षा अधिक योग्य काय असणार?

"पण सर, थे..."

"पण नंतर," भगवानराव म्हणाले. वर्गात 'पण' म्हणणाऱ्या मुलांना ते गेली कित्येक वर्षं हेच सांगत आले होते. "आधी चाल दे."

आश्चर्य म्हणजे किसनरावांचं गीत त्या चालीत चपखल बसलं. चाल हवी तिथे ताणता येत होती, त्यामुळे नियामक मंडळसुद्धा सगळ्या सभासदांसकट आत मावलं. पोरांचे पायही हलेनात, कारण त्या चालीवर कवायत होतच नव्हती. पहिली ओळ कोकिळेने एकटीने म्हणायची आणि मग वृंदाने उचलायची असं ठरलं. कोकिळेने ती ओळ पहिल्यांदा म्हटली तेव्हा दारातलं सूप थांबलं.

"हे चाल बरी नाही," घरी आल्यावर लीलाबाई म्हणाल्या.

"काहून? काय वाईट आहे?"

"मले पोटात कसंतरी झालं."

"त्याला भाव म्हणतात," भगवानरावांनी सांगितलं. लीलाबाईंनी त्या दिवशी दारव्ह्याचा विषय काढला नाही.

पाहणीच्या आदल्या आठवड्यात बाबूसिंग पुन्हा आला आणि जमिनीकडे पाहत म्हणाला, "सर, मायी याडी म्हणून राह्यली, तिले ऐकाले यायचं हाये. आई, म्हणजे." भगवानरावांना आनंदाचं भरतं आलं. स्थानिक जनतेत आस्था असल्याचा पुरावा पाहिजेच होता. "एकट्या आईला कशाला? सगळा तांडा आण," ते म्हणाले. बाबूसिंगने पुन्हा 'पण' म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं.

तो दिवस उजाडला. पत्रातल्या 'कुमारी'मुळे किसनराव एखाद्या तरुण मुलीची अपेक्षा करत होते आणि त्यांनी नवा कोट घातला होता. मोटारीतून उतरल्या त्या पंचावन्नच्या पुढच्या, पांढरं पातळ नेसलेल्या, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या कांताबाई. त्या हसल्या नाहीत. त्यांनी वाद्यं कुठे आहेत असं विचारलं आणि त्यांना हॉकीच्या काठ्यांकडे नेण्यात आलं. तिथे त्यांनी एका तारेवरून बोट फिरवून पाहिलं.

"हा तंबोरा इथे कोणी ठेवला?"

"कचेरीने," किसनराव म्हणाले.

"आणि लावला कोणी?"

क्रीडाशिक्षक पुढे झाले आणि छाती काढून म्हणाले, "मी रोज आवळतो." भगवानरावांनी डोळे मिटून घेतले.

हॉल भरला होता. पुढे गावातली प्रतिष्ठित मंडळी, एका बाजूला रुखमाबाई आणि आळीतल्या बायका, आणि मागे तांडा. बाबूसिंगने सर म्हणाले ते अक्षरशः पाळलं होतं. आरशांचे घागरे, हातभर पांढऱ्या बांगड्या, चांदीचे दागिने, आणि मागच्या भिंतीशी पागोटी घातलेली माणसं. किसनराव जनतेची एवढी आस्था पाहून गहिवरले. त्यांनी कांताबाईंना मधोमध उंच खुर्चीवर बसवलं, मुलींकरवी कुंकू लावलं, गळ्यात झेंडूचा भरगच्च हार घातला, खांद्यावर नवी शाल पांघरली आणि मांडीवर नारळ ठेवला. कांताबाई हाराच्या वरून समोर पाहत होत्या. भगवानराव बाजूला उभे होते आणि मनात एकच गोष्ट म्हणत होते, की एवढं एक गाणं नीट होऊ दे म्हणजे पोरगी घरी राहील.

पेटीवाल्याने सूर दिला आणि कोकिळेने पहिली ओळ उचलली. ती इतकी सुरेख लागली की कांताबाईंची मान चटकन वळली. ओळ वर गेली, थांबली, खाली वळली, आणि वृंद ती उचलणार तोच मागून एक हुंदका आला. भगवानरावांना वाटलं कोणाला ठसका लागला. मग दुसरा आला. मग मागच्या सगळ्या रांगांतून एकच सूर निघाला, लांब, कापरा, आणि बरोब्बर त्याच चालीतला. जो वृंद आजवर भोंग्याशिवाय एका सुरात आला नव्हता तो त्या सुरात अलगद जाऊन मिसळला.

एक उंच बाई उठली. ती बाबूसिंगची आई रामीबाई. तिने ओढणी तोंडावर ओढली आणि रडत, गात, खुर्च्यांमधून वाट काढत ती सरळ पुढे आली. तिच्यामागे तांड्यातल्या सगळ्या बायका. किसनरावांना ही आस्था अपेक्षेपेक्षा जास्त वाटली आणि ते "बसून घ्या, बसून घ्या" असं म्हणू लागले. रामीबाईने त्यांना हाताने बाजूला केलं, ती उंच खुर्चीजवळ गेली, आणि विद्यापीठाच्या प्रतिनिधी कु. कांताबाई यांच्या गळ्यात दोन्ही हात टाकून, त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून, सुरात रडायला लागली.

कांताबाई ताठ बसल्या होत्या. चष्मा घरंगळून हारात अडकला होता. नारळ सुटला आणि गडगडत प्रतिष्ठित मंडळींच्या पायांत गेला. पेटीवाल्याने पेटी थांबवली, पण बायका थांबल्या नाहीत. त्यांना पेटीची गरज नव्हतीच. एवढ्यात रुखमाबाईंना आपली घाटंजीला दिलेली मुलगी आठवली आणि त्यांनीही गळा काढला. त्यांचं पाहून अख्खी आळी रडू लागली. क्रीडाशिक्षकांनी शिट्टी वाजवून पाहिली.

भगवानराव वृंदाकडे धावले. त्यांनी वृंदाच्या मागच्या रांगेतून बाबूसिंगला ओढून काढलं.

"हे काय चाललंय?"

"सर, ढावलो हाये ना थो."

"म्हणजे काय?"

"पोरगी सासरी जाऊन राह्यली की मायच्या गळ्यात पडून म्हणते. बाप सुटला, माय सुटली, घर सुटलं, असं. ऐकलं की बायाईले तिच्या गळ्यात पडून रडाच लागते. नाही रडलं तर पोरीले वाटते, आपून कोणाच्या कोणी नाही." बाबूसिंग घाबरून बोलत होता. "मी सांगून राह्यलो होतो, सर. तुमी म्हटलं, पण नंतर."

"अरे, लग्नात म्हणतात म्हणालास ना!"

"लग्नातच म्हणतात, सर."

मोठं विधान बरोबर होतं. छोटं विधान बरोबर होतं. निष्कर्ष समोर कांताबाईंच्या गळ्यात पडून रडत होता. हार, शाल, कुंकू आणि नारळ घेऊन जी मधोमध बसते ती नवरी, हे तांड्यातल्या बायकांना कोणी सांगायला नको होतं. नवरी जरा वयस्क वाटली असेल, पण परक्यांच्या घरी असं कोण विचारतं? गेलं सगळं, भगवानराव मनात म्हणाले. गायन गेलं, कॉलेज गेलं, आणि पोरगीही दारव्ह्याला गेली. ते तबल्याच्या खोक्यावर बसले.

आणि मग त्यांनी पाहिलं की कांताबाईंचा हात हळूहळू वर आला आहे. तो काही वेळ हवेतच राहिला, जणू कुठे ठेवायचा हे त्याला माहीत नव्हतं. मग तो रामीबाईच्या पाठीवर टेकला, आणि त्या कडक बाई, हार, शाल, सगळ्यासकट वाकल्या आणि हमसून हमसून रडू लागल्या. किसनरावांनी आपला नवा कोट काढून पुन्हा घातला. दुसरं काय करावं ते त्यांना कळलं नाही.

बऱ्याच वेळाने पाणी आणलं गेलं. कांताबाईंनी हारातून चष्मा शोधून काढला, पुसला आणि घातला.

"प्राचार्य," त्या म्हणाल्या, "मी तुमच्या कॉलेजला गायन देणार नाही. तुमच्याकडे शिक्षक नाही. तंबोरा हॉकीच्या काठ्यांत आहे. आणि ही मुलं पुढची दहा वर्षं एका सुरात गाणार नाहीत, ही माणसं रडल्याशिवाय." मग त्या वृंदाकडे वळल्या. "पहिली ओळ कोणी म्हटली?"

कोकिळा पुढे झाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"ही कोणाची मुलगी?"

भगवानराव खोक्यावरून उठले. "माझी."

"हिला माझ्याकडे पाठवा. नागपूरला, माझ्या घरी राहील, यंदाची परीक्षा द्यायला इथे येईल. मी शिकवीन." मग त्या जरा हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी गाणं शिकायला घर सोडलं तेव्हा आमच्या घरचं दार आतून लावलेलं होतं. मागे कोणी रडलं नाही. आज या बाईंनी माझं ते राहिलेलं रडणं करून टाकलं. तुमच्या मुलीला असं जाऊ देऊ नका. नीट पाठवा."

भगवानराव गोंधळून लीलाबाईंकडे वळले. आता ही नाही म्हणेल अशी त्यांना खात्री होती, आणि खरं सांगायचं तर आशाही होती. एकट्या पोरीला नागपूरला ठेवायचं नाही, हे पहिल्यापासून तिचंच म्हणणं होतं. लीलाबाई कोकिळेकडे पाहत होत्या.

"एकटी कुठी राहून राह्यली?" त्या म्हणाल्या. "बाईंच्या घरी राहीन ना. मी तीन महिने दारात बसून ऐकलं. असा गळा दारव्ह्याच्या चुलीपाशी ठेवू काय?"

हे बोलताना त्यांचा आवाज शेवटपर्यंत टिकला नाही. रामीबाईला मराठी अर्धंच कळत होतं, पण खरी नवरी कोण आणि तिची आई कोण, हे तिला आता कळलं. कांताबाईंना सोडून ती लीलाबाईंजवळ आली आणि तिने त्यांच्या गळ्यात हात टाकले. उभ्या जन्मात चारचौघांत ज्यांनी डोळ्याला पदर लावला नव्हता त्या लीलाबाई मोठ्याने रडल्या. कोकिळा दोघींच्या मध्ये शिरली.

भगवानराव बाजूला उभे राहिले. त्यांच्या गळ्यात पडायला कोणीच नव्हतं. त्यांनी मुलीला घरात ठेवायचा बेत आखला होता, त्यासाठी वृंद उभा केला होता, तंबोरा नाक्यावरून सोडवला होता, आणि त्या सगळ्याने मिळून मुलीला घराबाहेर काढलं होतं. यात चूक कुठे झाली ते त्यांना सापडेना, आणि सगळ्यात मोठा धक्का हा की चूक झाली असं त्यांना वाटतही नव्हतं. शेजारी बाबूसिंग उभा होता.

"बाबूसिंग," ते म्हणाले, "बाया रडतात ते कळलं. बाप काय करतो रे, या वेळी?"

"बाप बैल जुंपतो, सर."

भगवानरावांनी टोपी नीट केली आणि कोणाला काही न सांगता ते हॉलबाहेर पडले. मोटर स्टँडवर खिडकीत तिकिटांचा बाबू चहा पीत होता.

"नागपूर," भगवानराव म्हणाले. "परवाची. दोन द्या."

"दोन." बाबूने पेन उचललं. "अन् येतानाची?"

"येताना एक."

"येतानाचं तिकडंच काढा लागते, साहेब," बाबू म्हणाला, आणि खिडकीतून नीट पाहून त्याने विचारलं, "काहून, तब्येत बरी नाही काय?"